मागचा टेकू

मुलुंडच्या त्या पंपांच्या कंपनीत एअर कंडिशनर एकच होता, आणि तो मालकांच्या केबिनमध्ये नव्हता. तो कॉम्प्युटरला लावला होता. मालक पंख्याखाली घाम पुसत बसायचे आणि हे लाडकं बाळ काचेच्या खोलीत गारेगार. आत जायचं तर दाराशी चपला काढायच्या. धुळीने मशीन बिघडतं असं डीलरच्या माणसाने सांगितलं होतं आणि लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की काही जण आत जाताना हातही जोडायचे. अठ्ठ्याऐंशी सालची ही गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर बघायला माणसं जेवणाच्या सुट्टीत रांग लावायची, आणि निम्मी तरी त्या गारव्यासाठी यायची हे सगळ्यांना माहीत होतं.

या खोलीत दिवसभर बसायचा मान एकट्या वसुधा खरातचा. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारी, डिप्लोमा झालेली, सव्वीस वर्षांची. चार वर्षं ती ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग करत होती. म्हणजे डिझायनर लोक पेन्सिलीने काढणार आणि ही त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवणार. चार वर्षांत हजारो रेघा मारल्या, त्यातली एकही स्वतःच्या मनाने मारलेली नव्हती. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर मोठे डिझायनर म्हणाले, डोळे जातात, पाठ जाते, आम्ही नाही शिकणार. वर्क्स मॅनेजर मधुकर प्रधानांनी विचारलं, मग अंधेरीला तीन आठवडे क्लासला जाणार कोण? वसुधाने हात वर केला आणि मागे वळून बघितलं तर दुसरा हातच नाही. बाई घाबरली. पण वर केलेला हात खाली घ्यायचा कसा?

डीलरने मशीन महिनाभरासाठी दिलं होतं. पटलं तर ठेवा, नाही तर उचलून नेतो. प्रधानांनी परीक्षाच लावली. कॉम्प्युटरवर एक फिक्स्चर डिझाइन करायचं, ते आपल्या टूलरूममध्ये बनवायचं आणि त्यावर लागोपाठ पाच माल पास व्हायला हवेत. झाले तर मशीन राहील आणि मिस खरात डिझायनर म्हणून त्याच खुर्चीत राहतील. नाही झाले तर मशीन डीलरकडे आणि मिस खरात ट्रेसिंगच्या टेबलावर. शनिवारी निकाल.

फिक्स्चर म्हणजे काय ते सांगायला हवं. लोखंडाचा सरळ चौकोनी तुकडा असेल तर तो शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरा, आवळा आणि पाडा भोक. पण पंपाचं झाकण असतं बिडाचं, भिंती पातळ, एका बाजूला पोट सुटलेलं, दुसरीकडे कान बाहेर आलेले. शेगड्यात धरलं की एक तर निसटतं, नाही तर आवळून तडकतं. म्हणून त्या एकाच भागाच्या मापाने खास पकड बनवतात. खाली टेकायला टेकू, बाजूने अडवायला खुंट्या, वरून दाबायला क्लॅम्प. माल आला, ठेवला, आवळला, की दर वेळी त्याच जागी बसला पाहिजे. जुन्या फिक्स्चरमध्ये ते झाकण बसवायलाच आठ मिनिटं लागत, आणि मशीनवाला लहू त्या आठ मिनिटांत झाकणाच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचा.

वसुधाने पहिलं डिझाइन तीन दिवसांत काढलं. पडद्यावर काय दिसत होतं म्हणता! हिरव्या, पिवळ्या रेघा, एकीला एक तंतोतंत चिकटलेल्या. प्लॉटरने स्वतः पेन उचलून ते कागदावर काढलं तेव्हा काचेबाहेर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. तो कागद घेऊन ती ऐटीत टूलरूममध्ये गेली आणि दादू वैतीसमोर ठेवला.

दादू म्हणजे टूलरूमचा सगळ्यात जुना फिटर. भांडुपच्या कोळीवाड्यातला. घरच्यांच्या होड्या अजून खाडीत जात होत्या. हा एकटाच तीस वर्षांपूर्वी जाळं सोडून कानस धरायला आला होता. येत्या डिसेंबरात रिटायर व्हायचा होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, हे तुझ्या टीव्हीने काढलं का? मग त्याला सांग, हा नट आवळायला पाना कुठून घालायचा? तिने बघितलं. नटाच्या बाजूलाच भिंत. पाना सोडा, करंगळी जाणार नाही. पडद्यावर कुणाला हात नसतात ना, म्हणून राहून गेलं. वसुधाचा चेहरा पडला, पण ती तिथून हलली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, दादूमामा, आता सगळंच सांगा.

त्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, शिव्या घालून सांगितलं. चार टेकू कशाला दिलेस? चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तीन पायांचं कधी बघितलंस डुगडुगताना? दोन पुढे, एक मागे, बस. क्लॅम्प टेकूच्या बरोबर डोक्यावर आला पाहिजे, अधांतरी दाबलंस तर पातळ बीड वाकणार, आणि सोडलं की पुन्हा उसळणार, मग भोक तुझ्या टीव्हीसारखं वाकडंतिकडं. रोज दुपारी ती त्याच्याकडे जायची आणि संध्याकाळी ड्रॉइंग बदलायची. बदल पाच मिनिटांत व्हायचा, नवा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी दादूच्या हातात. हे मात्र दादूला आवडलं. जुने डिझायनर एक रेघ बदलायची तर आठवडाभर तोंड फिरवायचे. सहाव्या कागदावर त्याने चष्मा खाली घेतला, नखाने एक एक माप तपासलं आणि म्हणाला, हं, हे बनवण्यासारखं आहे.

मग त्याने ते बनवलं, आणि झकास बनवलं. तीन टेकूंची उंची त्याने अशी जमवली की डायलचा, म्हणजे उंचीतला बारीक फरक मोजायच्या घड्याळाचा, काटा एकावरून दुसऱ्यावर नेला तरी जागचा हलत नव्हता. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी फिक्स्चर लहूच्या मशीनवर चढलं. ट्रायल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी.

दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा असते. सकाळी येऊन सगळे मशीन धुतात, झेंडू बांधतात, नारळ फोडतात, पेढे खातात आणि घरी जातात. वसुधा त्या दिवशी कधी येत नसे. त्यांच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. वडील दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते, आणि ती आईबरोबर पांढरी साडी नेसून विहारात. वंदना म्हणतानाही तिच्या डोक्यात तीन टेकू होते. आईने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे भानावर आली.

शुक्रवारी सकाळी लहूच्या मशीनभोवती अर्धी कंपनी गोळा झाली. झेंडूची माळ अजून मशीनवर होती. लहूने ब्रशने बारीक कीस झाडला, फडक्याने टेकू पुसले, झाकण ठेवलं, क्लॅम्प आवळले. दीड मिनिट. आठ मिनिटांचं दीड मिनिट! कुणीतरी शिट्टी वाजवली. वसुधाने प्रधानांकडे बघितलं तर त्यांच्या मिशीखालीही थोडं हसू होतं. भोक पडलं. झाकण तपासणीच्या टेबलावर गेलं.

भोक कललेलं निघालं. तीन शतांश मिलिमीटरपर्यंत चालतं, हे पंधरा. म्हणजे एखाद्या जाड कागदाइतका फरक, पण पंपाला तेवढा पुरतो, त्याचा दांडा घासून आठ दिवसांत वाट लागते. प्रधान म्हणाले, दुसरं घ्या. दुसरंही पंधरा. तिसरं, चौथं, पाचवं. सगळी पंधरा. लोक पांगायला लागले. एक जुना डिझायनर जाता जाता म्हणाला की पडद्यावर सगळं सरळच दिसतं. वसुधाला रडू येत होतं, आणि इतक्या पुरुषांत रडायचं नाही म्हणून ती फिक्स्चरकडे एकटक बघत राहिली.

तेवढ्यात दादू पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, ड्रॉइंग बरोबर आहे. माझं ग्राइंडिंग चुकलं असणार."

तीस वर्षांत दादू वैतीच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. प्रधानांनीही नाही, म्हणून तर त्यांचा विश्वास बसेना. दादू, पोरीला पाठीशी घालू नकोस, तुझं ग्राइंडिंग चुकलं तर सूर्य ठाण्याला उगवेल, असं म्हणून त्यांनी घड्याळ बघितलं. दुपारी तीन वाजता डीलरला फोन करतो, मशीन उद्या घेऊन जा म्हणून. झालं! म्हणजे दादूने वाचवायला जावं आणि कॉम्प्युटरचं मरण आणखी पक्कं व्हावं.

वसुधा काचेच्या खोलीत जाऊन बसली. डबा उघडलाच नाही. आधी तिने स्वतःला मनसोक्त दोष दिला, मग सगळी मापं पुन्हा तपासली. सगळी बरोबर. मग तिला एक गोष्ट टोचायला लागली. क्लॅम्पने झाकण वाकत असतं तर कधी बारा आलं असतं, कधी वीस. लहूचा हात काही दर वेळी सारखा आवळत नाही. पण पाचही वेळा पंधराच? म्हणजे जे काही चुकत होतं ते जागचं हलत नव्हतं. ते फिक्स्चरमध्येच कुठेतरी बसून होतं.

तिने पडद्यावर झाकण आणि टेकू आणले आणि एक एक टेकू उंच करून बघायला सुरुवात केली. पुढचा डावा उंच केला तर भोक भलत्या दिशेला झुकलं. पुढचा उजवा, तेच. मागचा उंच केला, आणि भोक नेमकं तिकडे कललं जिकडे ते पाचही झाकणांत कललं होतं. मग उंची बदलत बदलत गेली. दहा शतांश ठेवलं, कल कमी पडला. वीस ठेवलं, कल बरोबर पंधरा. मागचा टेकू वीस शतांश उंच. दादूचा टेकू? शक्यच नाही. ती चपला न घालताच खाली धावली.

जेवणाची सुट्टी होती, शॉपमध्ये लहू एकटा डबा खात बसला होता. तिने मागच्या टेकूवर वाकून बघितलं. पुढचे दोन टेकू आरशासारखे स्वच्छ. मागच्यावर लाल-पिवळा एक थर. कडेला तांदळाचा चपटा झालेला दाणा. हळदकुंकू आणि अक्षता! क्लॅम्पने पहिल्याच दाबात त्याचा पार कडक पापड करून टाकला होता. बीड कोरडंच कापतात, त्यावर पाणी-तेल सोडत नाहीत, त्यामुळे धुऊन जायचाही प्रश्न नव्हता.

लहूला विचारलं, हा पुसला नाहीस? लहूने तिच्याकडे असं बघितलं जणू तिने त्याला स्वतःच्या आजीला घराबाहेर काढायला सांगितलं होतं. ते काल दादूमामाने लावलंय, ताई. पूजेचं कुंकू कसं पुसायचं? आपोआप जाईल तेव्हा जाईल. दोन टेकू पुसले ना मी. आणि मागचाच का, तर तो मधोमध आणि वर असतो, फिक्स्चरचं ते कपाळ, असं मामा म्हणाला.

वसुधाला हसू आलं. फडकं समोर पडलं होतं. एकदा घासलं की काम झालं. पण काल पूजेला न आलेली ही मुलगी आज कुंकू पुसते, हे लहू उद्या चार जणांना सांगणार, आणि ते चार जण काय काय जोडणार ते तिला शाळेपासून पाठ होतं. शिवाय ते कुंकू दादूमामाचं होतं. तिच्या फिक्स्चरला यश यावं म्हणूनच त्याने ते लावलं होतं. ती फडक्याला हात न लावता टूलरूमकडे निघाली.

दादू भाकरी आणि सुकट खात होता. तिने सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला आणि मग तो भडकला. आमच्यात नवी होडी कुंकू लावल्याशिवाय पाण्यात जात नाही, आणि कुठली होडी बुडाली त्याने? तीस वर्षं प्रत्येक फिक्स्चरला लावत आलोय. देवाचं बोट लागल्याने भोक वाकडं होतं होय? वसुधाने सांगितलं की तुमची आजवरची फिक्स्चरं अंगाने मोठी होती, कुंकू कडेला कुठेतरी लागायचं. या छोट्याशा फिक्स्चरला टेकू सोडून दुसरी मोकळी जागाच नाही.

"जागा मीच ठेवली नाही, मामा," ती म्हणाली. "डायल घेऊन चला. मागचा टेकू वीस निघेल."

"बघितल्याशिवाय वीस कसं सांगतेस?"

"कॉम्प्युटरवर काढलं."

दादूने हात धुतले, आपली डायल घेतली. देवावर त्याचा विश्वास होताच, पण डायलवर थोडा जास्तच होता. पुढच्या टेकूवर काटा शून्याला लावला, डायल मागच्यावर नेली. काटा सरकला आणि थांबला. वीस. त्याने पुन्हा केलं. वीस. लहूने डबा बंद केला. मग दादूने टेकूवर बोट टेकवलं, ते स्वतःच्या कपाळाला लावलं आणि रॉकेलचा बोळा घेऊन स्वतःच्या हाताने मागचा टेकू लख्ख केला. वसुधाला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

तीनला दहा मिनिटं असताना प्रधानांना खाली बोलावलं. लागोपाठ पाच झाकणं. एक, दोन, दीड, एक, दोन शतांश. प्रधानांनी विचारलं, झालं काय होतं? वसुधा काहीतरी गुळमुळीत बोलणार होती, कीस अडकला होता वगैरे. दादूने तिला बोलूच दिलं नाही. सगळ्या शॉपदेखत म्हणाला की माझं कुंकू होतं साहेब, ड्रॉइंग सकाळी बरोबर होतं तसंच आत्ताही आहे. कुणी हसलं नाही. दादू वैतीला हसायची त्या शॉपमध्ये कुणाची छाती नव्हती.

प्रधान खूश झाले, आणि खूश झालेला मॅनेजर लगेच नियम काढतो. उद्यापासून फिक्स्चरला हळदकुंकू बंद, पाटी लावा! लहूने हातातला पाना खाली ठेवला. बिनपूजेच्या मशीनवर तो हात घालणार नाही, हे त्याने तोंडाने सांगायची गरज नव्हती. दादू खाली मान घालून डायल पेटीत भरत होता. डिसेंबरात जाणार होता तो, आणि त्याच्या नावाने मागे काय राहणार, तर ती पाटी.

वसुधाने प्रधानांकडे पाटीऐवजी संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला. कशाला, ते सांगितलं नाही. मशीन राहतंय म्हटल्यावर प्रधानांचा मूड चांगला होता, त्यांनी दिला.

पाच वाजता तिने दादूला वर बोलावलं. प्लॉटरने काढलेला नवा कागद टेबलावर पसरला होता. तेच फिक्स्चर, पण पुढची भिंत थोडी रुंद झालेली, आणि तिच्यावर मधोमध एक गोल. व्यास पंचवीस, खोली अर्धा मिलिमीटर. टेकूंपासून लांब, क्लॅम्पपासून लांब, लहू उभा राहिला की थेट डोळ्यांसमोर. आणि खालच्या टिपेत, जिथे कडक करा, धार मोडा असली कामं लिहितात, तिथे लिहिलं होतं: कुंकवाची जागा, प्रत्येक नव्या फिक्स्चरवर ठेवावी. त्याखाली प्रधानांची सही होती. सही करताना त्यांनी आधी कपाळाला हात लावला होता, मग पेन शोधलं होतं.

दादूने कागद लांब धरला, जवळ धरला. मापं नखाने तपासली. गोलावर नख बराच वेळ थांबलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवता येत नव्हतं.

"आजचं फिक्स्चर उद्याच उतरवतो, ही भिंत जोडतो," तो शेवटी म्हणाला. "पहिलं बोट तू लाव त्यात. तुझं डिझाइन."

"मी नाही लावत, मामा. आमच्यात नाही. तुम्ही लावा. जागा मी करून देते."

दादूने मान हलवली. समजलं त्याला. मग चष्मा खाली घेतला, पुन्हा कागदावर वाकला आणि फिटरच्या आवाजात म्हणाला, "खोली अर्धा नको. एक ठेव. अक्षता पण बसल्या पाहिजेत."

वसुधाने खुर्ची पुढे ओढली आणि अर्ध्याचा एक केला.